गोत्राचा रकाना

"उंबर," मी म्हणाले आणि अख्खा हॉल हसला.

खोपटजवळची पालिकेची शाळा. मी पाचवीत. दसऱ्याआधीचं पाटीपूजन. दर शनिवारी बाहेरून एक बाई संस्काराचा तास घ्यायला यायच्या. त्यांनी जाहीर केलं होतं, ज्याचे सगळे श्लोक पाठ तो पूजेच्या पाटावर बसणार. माझे पाठ होते. एका दमात म्हणायचे. आईने त्या दिवसासाठी नवं परकर-पोलकं शिवून घेतलं होतं.

आदल्या दिवशी बाई मुद्दाम तयारीसाठी आल्या होत्या, म्हणाल्या, "उद्या येताना घरी गोत्र विचारून ये." बाबा एसटी डेपोत ड्रायव्हर. नुकतेच ड्युटीवरून आले होते. म्हणाले, "अगं, गोत्र म्हणजे देवक. आपलं उंबर. लग्नात त्याचीच तर फांदी पुजतो आपण." इतक्या खात्रीने म्हणाले की मी शाळेत पोचेपर्यंत तेच घोकत होते.

गुरुजींनी संकल्पासाठी माझ्या तळहातावर पाणी घातलं आणि गोत्र विचारलं. मी ऐटीत सांगितलं. गुरुजी बाईंकडे बघायला लागले. बाई हसल्या. प्रेमाने हसल्या, त्याचाच जास्त राग येतो. "अगं, ते झाड झालं. तुमच्यात गोत्र नसतं गं. ज्यांना माहीत नसतं ते कश्यप सांगतात. पण आता राहू दे."

राहू दे. म्हणजे ऊठ.

पाटावर दुसरी मुलगी बसली. तिला दोन श्लोकही धड येत नव्हते. मला फुलांची परडी धरून खिडकीशी उभं केलं. तळहातावरचं पाणी मी परकराला पुसलं. खिडकीतून नळाजवळ बसलेली माझ्या वर्गातली शबनम दिसत होती. संस्काराच्या तासाला तिला दर शनिवारी बाहेर बसवायचे. इतके दिवस मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, आपण आत आहोत याचं बरं वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सांगितलंस ना बरोबर?"

मी म्हणाले, "हो."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या बापाची लाज वाटली. मोठ्ठी गाडी घाटातून उतरवणारा माझा बाप मला अडाणी वाटला. शाळेने मला त्या वर्षी शिकवलेला संस्कार हाच.

आता मी कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेल्या मालाचं खोकं उघडून बघितल्याशिवाय चलनावर सही करत नाही. मुलगी माजिवड्याजवळ पालिकेच्याच शाळेत, चौथीत. पालकांच्या समितीवर मी आहे. गेल्या महिन्यात बैठकीला अर्धी रजा टाकून गेले, तर वहीत ठराव आधीच लिहून तयार. 'दर शनिवारी मूल्यशिक्षणाचा तास, एकमताने मंजूर.' बैठक सुरूही झाली नव्हती. एकमत कधी झालं, कुणाला ठाऊक.

तास घेणाऱ्या मॅडम नव्या होत्या, हसू तेच. मुलांसाठी फॉर्म आणले होते. मी एक मागून घेतला. नाव. इयत्ता. गोत्र.

"मॅडम, हा रकाना कशाला?"

"अहो, काही नाही, पूजेला लागतं. माहीत नसेल तर कश्यप लिहा ना."

माझे कान तापले. इतक्या वर्षांनी तेच वाक्य.

"आणि ज्यांच्यात पूजाच नसते त्यांची पोरं?"

"त्यांना काही सक्ती नाही हो. ती बाहेर खेळतील."

मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले, "ताई, दोन-चार श्लोक आहेत फक्त. तुमच्याही घरी देव आहेतच ना? सगळ्यांच्या सह्या झाल्यात."

आहेत. घरी देव्हारा आहे. रोज सकाळी दिवा मीच लावते. माझं देवाशी काही वाकडं नाही. पण माझा देव मला पाटावरून उठवत नाही, कुणाच्या पोरीला नळापाशी बसवत नाही. शाळेतला देव नेहमी कुणाच्या तरी हाताला धरून येतो, आणि मला त्या हाताचा संशय आहे. शाळेने भागाकार शिकवावा, विज्ञान शिकवावं. देव आमचा आम्ही बघून घेऊ.

मी पेन काढलं. 'एकमताने' या शब्दावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'माझा विरोध आहे,' आणि सही केली, पूर्ण नावाने, बाबांच्या नावासकट.

"एकटीने काय होणार, ताई?" मुख्याध्यापक म्हणाले.

"एकमत तरी होणार नाही."

तास सुरू होईल, मला माहीत आहे. फॉर्मही फिरतील. मी दर शनिवारी सुट्टी टाकून त्या वर्गाच्या दाराशी उभी राहणार आहे. एक जरी पोरगी बाहेर बसलेली दिसली, तर तिचा हात धरून आत नेईन आणि सगळ्यांसमोर विचारीन, हिला का उठवलंत?

उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.