दिवेलागणीला अंधार

खालच्या मजल्यावरच्या मावशीने उजवा हात वर करून तळवा आपल्याकडे धरायचा, म्हणजे आपण गप्प बसायचं, आणि डावा कान रेडिओच्या जाळीला लावायचा. खरखरीतून कुणाचा तरी आवाज वर आला की हात खाली यायचा आणि मावशी म्हणायची, "आवाज हाय ना? मंग बास." कोण बोलतंय, कुठल्या भाषेत बोलतंय, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

शॉर्टवेव्हवर लांबच्या देशांची स्टेशनं ऐकणारं कुणी तुमच्या ओळखीत असेलच, तर ते बहुधा माझ्या वडिलांसारखं असेल. ते साताऱ्याकडचे. लष्करात बिनतारी संदेशाच्या कामावर होते, आणि त्यांचे दोन रेडिओ आणि तो नाद असं सगळंच माझ्या वाट्याला आलं. साठीला टेकलेली, उरणजवळच्या मोऱ्याची कोळीण हा नाद लावून घेईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण तिला नाद लागलाच नव्हता. ती घाबरली होती.

उलव्याला आमच्या बिल्डिंगमध्ये ती माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. मुलगा मालवाहू जहाजावर फिटर. त्याच्या पगारावर मोरा सोडून ती या फ्लॅटमध्ये आली, आणि तो जहाजावर गेला की घरात एकटी. मी न्हावा शेवा बंदरातल्या एका एजंटाकडे कंटेनरची कागदपत्रं करते. त्या दिवसांत तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची, काही तरीही तिकडूनच जायची. आमच्या ऑफिसात त्यावर फक्त माल उशिरा येण्याची चर्चा चाले. मावशीचा मुलगा तिकडून जाणाऱ्या एका जहाजावर होता.

त्या पट्ट्यातून जाताना जहाजावरचं इंटरनेट बंद ठेवतात, काही दिवस फोन येणार नाही, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. तिने टीव्ही लावला. तिथे बातम्या देणारा माणूस ओरडत होता आणि मागे एकच जळतं जहाज पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिला दर वेळी ते नवीन जहाज वाटायचं. शेवटी तिने टीव्हीची पिन काढली, वरून जुनं लुगडं टाकलं आणि जिना चढून माझ्याकडे आली. माझ्या खिडकीतून येणारी रेडिओची शिट्टी तिने बरेच दिवस ऐकली होती म्हणे.

मी तिला माझ्याकडचा छोटा रेडिओ दाखवला. सांगितलं, हे लांबचे देश आहेत, आवाज आकाशावर आपटून इथवर येतो, कधी मोठा होतो, कधी बुडतो. हे शेवटचं तिला मी समजावण्याआधीच समजलं. "भरती-ओहटी," ती म्हणाली. मग तिने रेडिओ उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, बोलायचं कुठून? तिला वाटलं होतं, यातून मुलाशी बोलता येईल. मी म्हटलं, मावशी, हा फक्त ऐकतो. तिने रेडिओ माझ्या हातात परत दिला. काटा फिरवता फिरवता मला एक अरबी स्टेशन सापडलं. कुणी वयस्कर माणूस सावकाश, न ओरडता काहीतरी वाचत होता. हे त्याच बाजूचं आहे, असं मी सांगितलं. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा तो हात वर केला.

तिचा हिशेब साधा होता. तो म्हातारा शांतपणे वाचतोय, म्हणजे तिकडे अजून सगळं जागेवर आहे. मी म्हटलं, अहो, तो कदाचित शेतीचं सांगत असेल. ती म्हणाली, सांगू दे ना, शेतीचं सांगतोय म्हणजे बरंच आहे.

मुलगा येईपर्यंत रेडिओ मी तिच्याकडेच ठेवायला दिला. नवशिक्याला सांगतात ते सगळं सांगितलं. खिडकीपाशी बस, तार बाहेर सोड, सूर्य मावळताना ऐक, चार्जर आणि एलईडी दिवे बंद ठेव, त्यांच्याने खरखर वाढते. मी सांगताना सहज सांगितलं, तिने ते व्रतासारखं घेतलं. तार तिने खिडकीच्या ग्रीलपासून पाइपपर्यंत जाळ्याच्या दोरीने अशी बांधली की खाडीवरचा वारा तिला हलवू शकला नाही. आणि ऐन दिवेलागणीला, सगळ्या घरांत दिवे लागत असताना, तिच्या घरात अंधार व्हायला लागला. फ्रीजसुद्धा बंद. देवासमोर फक्त समई, कारण समईने खरखर होत नाही, हे तिचं तिनेच शोधलं.

बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. तिन्हीसांजेला अंधार म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. समोरच्या एक बाई मला लिफ्टमध्ये हळूच विचारून गेल्या, "मुलाचं काही कळलं का? म्हणजे... तसं काही?" मी नाही म्हटलं आणि माझा मजला येण्याआधीच उतरले. सेक्रेटरी वेगळ्याच काळजीत. इथे पोर्ट जवळ, असल्या तारा लावल्या तर पोलीस येतील, सोसायटीला टेन्शन नको. पोलीस म्हटल्यावर मावशीने तार काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मला म्हणाली, पोलिसांची भीती वाटते, पण ती दुसऱ्या नंबरची.

पहिल्या नंबरच्या भीतीत मीही सामील झाले होते. ऑफिसात आल्याबरोबर मी बातम्यांत त्याच्या जहाजाचं नाव शोधायची, आणि ते नसलं की श्वास सोडायची. संध्याकाळी जिन्यात तिची चाहूल लागली की हातातलं काम टाकून मी दारापाशी जायची. तिला आधी कुठून कळलं असेल तर?

एका संध्याकाळी तिने माझं दार वाजवलं. पायात चप्पल नव्हती. "आवाज गेला," एवढंच बोलली.

मी खाली गेले. समईच्या उजेडात रेडिओ चालू होता आणि त्यात नुसती सळसळ होती. म्हातारा नाही, कुणीच नाही. मुलाचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. मी तिला समजावलं की उन्हाळा लागला की ही स्टेशनं आपली जागा बदलतात, दर वर्षी बदलतात, काटा थोडा पुढे-मागे केला की सापडतील. आणि मी काट्याच्या चाकाकडे हात नेला.

तिने माझं मनगट पकडलं. जाळी ओढलेला हात, मला सोडवता येईना. तेव्हा कळलं की त्या चाकाला तिने पहिल्या दिवसापासून हात लावलेला नाही, उलट त्यावर चिकटपट्टी लावली आहे. मोऱ्याला तिच्या बापाच्या घरी होडी समुद्रात असली की वादळाची सूचना ऐकायला रेडिओ लावून ठेवत. होडी परत किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा काटा कुणी हलवायचा नाही, अशी तिच्या आईची ताकीद होती. एकदा धाकट्या भावाने गाण्यांसाठी काटा फिरवला. त्या फेरीला तिचा काका परत आला नाही.

"हलवलास तं मी काय करू गो?" ती म्हणाली. "तो पान्यात हाय."

मी वैतागणारी बाई आहे, लोक मला तसं तोंडावर सांगतात. एरवी मी तिला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण त्या अंधारात, त्या सळसळीपुढे, माझीही हिंमत होईना. समजा, फिरवला आणि कुठेच काही आलं नाही. समजा, ते स्टेशन खरंच आता राहिलेलं नाही. मी तिला म्हटलं, मी हात लावत नाही. फिरवायचा तर तुम्हीच फिरवा, नाहीतर राहू दे.

तिने समईतली वात पुढे सारली. मग तिने देवाकडे एकदा पाहिलं, नखाने चिकटपट्टी काढली आणि चाक केसभर फिरवलं. शिट्टी. पुढे चिनी बाई. पुढे कसला तरी लष्करी बँड. काटा स्टेशनांवरून घसरत होता. थोडं मागे, मावशी, मी म्हटलं. आणि मागे येताना खरखरीतून तो म्हातारा वर आला, तसाच सावकाश वाचणारा. मावशीने रेडिओ उचलून पोटाशी धरला आणि मोठ्याने रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

मुलाचा फोन त्यानंतर लवकरच आला. कॉन्ट्रॅक्ट संपवून तो घरीही आला. जेवताना त्याने सहज सांगायला सुरुवात केली की त्यांच्या पुढे चाललेल्या जहाजावरच हल्ला झाला होता, यांना धूर दिसत होता. मग त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतले. तो पुन्हा जहाजावर गेला नाही. उलव्याजवळच जासईच्या एका यार्डात कंटेनर दुरुस्तीचं काम धरलं. पगार अर्ध्यावर आला, पण संध्याकाळी घरी.

मावशीने मला ताजे बोंबील आणून दिले. आता रेडिओ परत येणार असं मी धरून चालले होते. पण खालच्या घरात दिवेलागणीला अंधार होतच राहिला. पुढे ती दोघं फ्लॅट भाड्याने देऊन मोऱ्याला परत गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेले, तर सामान बांधून झालं होतं आणि ती समईपाशी रेडिओ घेऊन बसली होती. मी जरा चिडूनच म्हटलं, अहो, मुलगा घरात आहे, आता कशाला जीव टांगणीला लावता?

तिने आवाज थोडा बारीक केला, मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्याचे जाग्यावर कोनतरी गेला आसल ना," ती म्हणाली. "त्याची आय कोन हाय, मना ठाव नाय."

आतून मुलगा विचारत होता, आई, वाढतेस ना? ती उठली नाही.