तवंदीच्या माळावर हवेची गादी

बापू, पुण्याच्या हवेत दमा कमी आहे ना? शंकरआप्पा, मोतीबिंदू काढल्यावर अक्षरं दिसायला लागली, की हे सूनबाईच वाचून दाखवतेय? तसं असेल तर सूनबाई, बाळाचे दात आले का? इकडं मच्छे गावात मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते जुनंच गाऱ्हाणं.

तुम्ही दोघं लेकांकडं गेलात आणि हिवाळ्यातली, जाळानं तापवलेल्या भुईवर झोपायची आपली माळावरची रात्र बंदच पडली. निपाणीचा दत्ताअण्णा तेवढा उरला होता, तर वखारीत तंबाखूचे बोद, ती ठासलेली पोती, उचलून त्याची कंबर गेली. गार भुईला पाठ लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. अशात माझ्या भाच्यानं परदेशातून हवेची गादी आणली. तोंडानं फुगवायची, आत फोमचा थर. तिकडं बर्फावर अंथरतात म्हणे. मी लगेच अण्णाला कळवलं. त्याचा उलटा निरोप आला, "आधी तू एकटा झोपून बघ. सकाळी जित्ता आलास तर म्होरल्या खेपेला मी येतो."

म्हणून निघालो. कुणाला जायचं झालं तर ध्यानात ठेवा, जलद गाडी तवंदीच्या घाटात थांबत नाही; बेळगावहून निपाणीची साधी गाडी धरावी. संकेश्वरला चहापुरती थांबते. तिथली मिरची-भजी खाऊ नयेत. मी खाल्ली. कंडक्टरनं माझ्या गुंडाळीला हात लावून विचारलं, "एन्री अज्जा, सर्कशीचा तंबू काय?"

"न्हाय बा, गादी हाय. माळावर झोपायला."

"घरातनं हाकलून काढलं काय?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण घाटात एकटाच उतरलो तेव्हा गाडी लांब जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिलो.

तवंदीच्या विहिरीवर पाणी भरून घेतलं. वर पाणी नाही, लाकूडही आता कमी झालंय, वाटेतच गोळा करत चढावं. आपली जागा तशीच आहे. आप्पा ज्या दगडाला टेकून बसायचा तो दगडही. ऊन उतरलं तसा वारा सुटला. मी सवयीनं जाळ केला, भुई चांगली तापू दिली आणि निखारे बाजूला सारले. मग बघतो तर काय, पार आडवा पट्टा तापवून ठेवलेला. चौघं अंग टाकतील एवढा! हात आपले जुन्या मापानंच चालले होते.

त्यावर गादी टाकावी तर रबर वितळायची भीती. मग ती शेजारी गार भुईवर अंथरली. बोद ठासून भरतात तशी टम्म फुगवली होती, तर आडवा झालो की घसरून खाली! थोडी हवा सोडल्यावर बूड बसलं. खरं सांगतो, खालून गारठा म्हणून लागला नाही. पण भुईची ऊबही येईना. शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली, घोंगडं ओढलं. बापूचं घोरणं नाही, अण्णाच्या शिव्या नाहीत. खाली घाटात ट्रक कण्हत होते तेवढीच सोबत.

पहाटे जाग आली तर आपल्या तापवलेल्या जागेवर धनगराची दोन कुत्री पाय पसरून झोपलेली. मी त्यांना हाकललं नाही.

पाठ ताठली नव्हती. गादी काखेत मारून तडक निपाणी गाठली. अण्णानं अंगणातच ती अंथरायला लावली, पडला, डोळे मिटून घेतले. आम्ही चहा पिईपर्यंत पडूनच. मग कुशीवर वळला आणि हात न मागता उठला. त्याची बायको शांताआक्का दारातनं म्हणाली, "आगं बाई, उठलं की हो!" आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी म्हटलं, "मग? येणार न्हवं?"

अण्णा परत गादीवर टेकला. "भुई तापवलीस?" म्हणाला.

"तापवली. धनगराची कुत्री झोपली तिच्यावर."

"किती जणांची?"

मी कप खाली ठेवला.

"चौघांची तापवलीस न्हवं? येडा हाईस." मग गादीची हवा हातानं दाबत म्हणाला, "मी हिच्यावर, तू पलीकडं. मधी कोण, कुत्री? बापू-आप्पाला लिही. ती येत असतील तर मी येतो. न्हायतर मला माझी खाट बरी."

घरी येऊन गादी धुतली, सावलीत वाळवली. उन्हात टाकू नये, रबर चिरतं. आता ती कपाटावर गुंडाळून ठेवलीय. काम चोख करते, तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण माझ्या अंगात राहिलाय तो मधला रिकामा पट्टा, अजून कोमट.

थंडी शिवरात्रीपर्यंत आहे. गादी एकाच्याच मापाची, ती अण्णाची. बाकीच्यांची भुई मी तापवतो. किती जणांची तापवू, तेवढं मात्र लवकर लिहून कळवा.