गाऱ्हाणं कोणाविरुद्ध?

दर सोमवारी मी एसटीडी बूथवरून कोल्हापूरच्या संपादकांना बातम्यांच्या कल्पना ऐकवायचो. कुणकेश्वरजवळच्या आमच्या गावाचा मी वार्ताहर. मोहोर सांगितला, नवी होडी सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणायचे, "यात बातमी काय?" एकदा म्हणाले, "महिनाभरात काही आलं नाही, तर दुसरा माणूस बघतो." वार्ताहरकी गेली, की मी बीए होऊन घरी बसलेला मच्छीमाराचा मुलगा, एवढाच उरणार होतो.

पुढच्या सोमवारी मी घरचंच सांगितलं. "साहेब, नारळी पौर्णिमेला आमच्या वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव मागे उभा होता."

"वा! कोणाविरुद्ध?"

आमच्याकडे कोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने केलेली विनवणी. घाटावर ती तक्रार. मला हे तिथेच सांगता आलं असतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी "वा" म्हटलं होतं.

"किनाऱ्याला लागून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध," मी म्हणालो. बोटी खऱ्याच होत्या. वडिलांनी मात्र जाळ्याला मासळी मिळू दे, एवढंच मागितलं होतं.

बातमी ठळक छापून आली. दोन दिवस मी हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी मत्स्यखात्याचे साहेब अंगणात उभे. "तुमची तक्रार छापून आलीय. आमच्याकडे तर अर्ज नाही."

वडिलांना वाचता येत नव्हतं. "तक्रार? मी खंय केलंय? मी देवाक गाऱ्हाणा घातलंय."

"मग पेपरात खोटं आलं का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आजही आठवलं, की लाज वाटते. आता ते काय म्हणतील, त्यावर माझं सगळं अवलंबून होतं.

"माझ्या झिलान लिवल्यान, ता खराच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कागद हाड रे. मी सांगतंय, तू लिव."

देव सोडून कोणाकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. ते साहेबांसमोर हात जोडून बोटींबद्दल एकेक वाक्य सांगत गेले आणि मी ओट्यावर बसून लिहीत गेलो. अर्जाखाली अंगठा त्यांनी उठवला.