गाळातला काळा पट्टा

महायुद्धाच्या आधी नागपुरातल्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवत असे. बी.एस्सी.च्या मुलांना दर जानेवारीत रामटेकजवळच्या एका तळ्यावर न्यायचं, डोंग्यातून तळात लोखंडी नळी ठोकायची, आत शिरलेला गाळ चिरलेल्या बांबूवर अलगद ढकलायचा आणि थर बघून तळ्याची मागली वर्षं वाचायची, हा माझा लाडका उद्योग. दुष्काळात तळं आटतं, काठची लव्हाळी कुजतात, त्याचा काळा पट्टा गाळात राहतो. असा पट्टा मला एकदा मधल्या खोल पाण्यात सापडला होता. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी तो मी फळ्यावर काढून दाखवायचो, जरा जास्तच ऐटीत.

त्या साली वर्गात पोहता येणारे दोघेच, म्हणून काठाजवळच्या उथळ पाण्यात नळ्या ठोकल्या. सगळ्यांच्या वह्यांत पट्टा आला. उमरेडच्या एका कोष्ट्याच्या मुलाने मात्र नुसता करडा गाळ काढला होता, वरपासून खालपर्यंत एकसारखा.

"डोळे घरी ठेवून आलास काय?" मी खेकसलो.

"पट्टा नव्हताच सर."

उलट उत्तर मला तेव्हा खपत नसे. पुन्हा काढून आण, नाहीतर प्रॅक्टिकलात नापास, असं सांगून मी वही त्याच्या अंगावर टाकली. नापास झाला तर बाप त्याला मागावर बसवणार, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी तळ्यावर विसरलेली नळी आणायला गेलो. आम्हाला डोंगे देणारा ढिवर काठावर जाळं सांधत बसला होता. आम्ही गाळात काय शोधत होतो ते त्याला सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"मास्तर, त्या जागी आमी शिंगाडे लावतो. वेल पायानं चिखलात दाबा लागते, दरसाल. तिथं थर कायचा राहीन?"

शिंगाड्याचा हंगाम संपून पाणी मोकळं झालं होतं, म्हणून मला काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे सगळ्या वर्गाने माझा फळा उतरवला होता, आणि मी त्यांना शाबासकी दिली होती. परतीच्या गाडीत मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी त्या मुलाला बोलावलं. माफीचे शब्दही ठरवून ठेवले होते. पण मी तोंड उघडायच्या आत त्याने वही पुढे केली. जुनं पान फाडलेलं होतं. नव्या पानावर काळा पट्टा होता, सबंध वर्गात सर्वांत सुबक.

"आता बरोबर हाय न सर?" त्याने विचारलं.