वाळत घातलेली होडी

एकोणीसशे तीसच्या आसपास मी सोलापुरात कालव्याच्या कचेरीत कारकून होतो. स्वतःची होडी असलेला कारकून गावात बहुधा मी एकटाच. बदली होऊन जाताना आमच्या साहेबांनी ती मला देऊन टाकली. लांबी बारा फूट दोन इंच, एक डोलकाठी, एक शीड. ती हिप्परग्याच्या तलावात असे आणि दर रविवारी मी एकटाच तिच्यातून हिंडत असे.

पत्नीला तिचे कौतुक नव्हते. "घरात पलंग नाही आणि तलावात होडी," असे ती म्हणे. शेवटी एका उन्हाळ्यात आमचे ठरले. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी ती होडीत बसेल. पाय कोरडे राहिले तर होडी राहील. भिजले तर सुताराला बोलावून त्याच फळ्यांचा पलंग करायचा. फळ्यांची लांबी तिने मला विचारूनही ठेवली.

मी कालव्यावरच्या चार माणसांना हाताशी घेऊन होडी काठावर ओढली, दोन ओंडक्यांवर पालथी घातली आणि तळाच्या तपासणीला लागलो. तळावर हिरवे शेवाळ होते आणि त्यात बारीक गोगलगायी चिकटल्या होत्या. मोजल्या तेव्हा दोनशे चौदा भरल्या. शेवाळ करवंटीने खरवडले, मग वाळू आणि काथ्याने तळ घासला. त्यानंतर एकेक फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. अकरा फळ्यांपैकी दहा खणखणीत वाजल्या. मागच्या टोकाकडची एक बद्द वाजली. तिथे दोन बोटे रुंद लाकूड कुजले होते. ते कापून नवा तुकडा बसवला. गिरणीतले टाकाऊ सूत राळ आणि तेलात भिजवून फळ्यांच्या सांध्यांत ठोकले. इथपर्यंत माझे काही चुकले नव्हते.

चूक झाली ती पुढे. आमच्या भागात टिकवायची वस्तू म्हटली की तिला ऊन द्यायचे. शाळूची ज्वारी असो, पापड असोत, नाहीतर गाद्या. लाकडालाही तोच नियम असणार, असे मी धरून चाललो आणि होडी तशीच पालथी उन्हात ठेवली. रोज कचेरी सुटल्यावर सांधे तपासत होतो. नवव्या दिवशी एका सांध्यात पोस्टकार्डाची कड आत गेली. पंधराव्या दिवशी दोन कार्डे गेली. मी आणखी सूत कोंबले आणि वेळीच लक्ष दिले म्हणून स्वतःवर खूश झालो.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, तलावात मासे धरणारा म्हातारा भोई काठाने आला. त्याने होडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सायेब, ही होडी हाय का शाळू?"

"का रे बाबा?"

"शाळूगत वाळवलीसा की! लाकूड लई आकसलंय. आता हिच्यात बसल्या जागी मासं गावत्याल तुमाला." तो खो खो हसला. "ते वरचं सूत काडा. दगडं घाला आन बुडवा हिला."

"बुडवू?"

"व्हय. पाणी पिऊन लाकूड फुगंल. मदी सूत कोंबलेलं ऱ्हायलं तर फळ्याच निसटत्याल."

"अरे, रविवारी आमच्या घरची मंडळी बसायला येणार आहेत!"

"मग आज बुडवा. उद्या कशाला?"

जिच्यात पाण्याचा थेंब येऊ नये म्हणून मी सतरा दिवस खपलो, तिला त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी वरचे सूत काढून गळ्यापर्यंत बुडवली.

रविवारी सकाळी पत्नी शिदोरी घेऊन टांग्यातून उतरली. पाण्यावर होडीची नुसती कड दिसत होती.

"अहो, हिच्यात बसायचं की हिच्यात पोहायचं?"

मी घडले ते सगळे सांगितले. माझी चूकही सांगितली.

"किती दिवस ऊन दिलंत?"

"सतरा."

"मागच्या वर्षी माझी भाकरीची लाकडी काठवट अशीच उन्हात ठेवली होतीत. तडकली तेव्हा मी काय केलं? पाण्यातच घातली ना? मला विचारायचं होतंत!"

दगड काढायला आलेला भोई मान हलवत म्हणाला, "बाईसायबांस्नी ठावं हाय की."

आम्ही दगड काढले आणि पाणी उपसले. मी तळ फडक्याने कोरडा पुसला आणि घड्याळ लावून बसलो. तासाभरात एका सांध्याशी दोऱ्याएवढी ओल आली, जास्त नाही. ती मी पत्नीला दाखवली.

"बसल्यावर बघू," ती म्हणाली.

शीड भरले तेव्हा तिने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. थोड्या वेळाने एक हात सुटला. तलावाच्या मध्यावर आलो आणि त्या सांध्याशी रुपयाएवढे पाणी साचलेले मला दिसले. तिलाही दिसले. तिने टाच उचलली, बरोबर त्याच्यावर ठेवली आणि शिडाकडे पाहू लागली.

परत काठाला लागल्यावर मी म्हणालो, "पाय बघू."

"पाय काय बघायचेत? घाम आलाय," असे म्हणून तिने पाय लुगड्याखाली घेतले. ती जागची हलली नाही. "तो पलीकडचा काठ किती लांब?"

"या वाऱ्याला बावीस मिनिटं."

"मग उतरायचं कशाला?"