दादाने पाहिलेलं गाणं

दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभा होतो. फोन कानाशी होता, तरी शेजारच्या दोघांना ऐकू गेलं. त्या घरात गेली कित्येक वर्षं सगळे मोठ्यानेच बोलतात. झोपेतच गेला. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही भावासाठी किती केलंत, त्याची गाणं ऐकायची इच्छासुद्धा पुरी केलीत... मी मान हलवतो. ती गोष्ट आज नीट सांगायची आहे.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर कॉलेज सोडून तो पिंपरीच्या एका कारखान्यात लागला, प्रेस शॉपमध्ये. दिवसभर पत्र्यावर साचे आदळत, आणि कानात कापूस घालून तो बत्तीस वर्षं तिथे उभा राहिला. शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याची चैन एकच, बाईंचं गाणं. बाई म्हणजे त्याची आवडती गायिका. नाव लिहीत नाही, कारण त्यानेही ते कधी उच्चारलं नाही, नुसतं 'बाई' म्हणायचा. तिसरी पाळी करून आला की चहाच्याही आधी त्यांची कॅसेट लागायची. आवाज अगदी लहान, डोळे मिटलेले आणि हात कानामागे वाटीसारखा धरलेला. तोडी संपेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. बाई पुण्यात गायच्या तेव्हा नेमकी याची पाळी असे. पाळी बदलून माग की, असं मी एकदा म्हणालो. "साहेबाला काय सांगू, गाणं ऐकायचंय? म्हणेल, इथेच बोलव बाईंना, प्रेसच्या ठेक्यावर गातील," असं म्हणून तो स्वतःच हसला.

तो निवृत्त झाला तोवर मी कर्वेनगरला राहायला गेलो होतो. गाडी होती, ओळखी होत्या. दर वर्षी म्हणायचो, दादा, या वेळी नक्की. दर वर्षी काहीतरी निघायचं. तेवढ्यात त्याचे कान गेले आणि कानातलं मशीन आलं. त्यातून गाणं पूर्वीसारखं नाही, पण येतं ऐकू, असं तो म्हणायचा. म्हणून गेल्या वर्षी बाई आमच्या घराजवळच्या एका सभागृहात सकाळच्या मैफलीत गाणार असं कळलं, तेव्हा मी तिसऱ्या रांगेचे दोन पास मिळवले. दादा अर्धा तास आधीच येऊन फाटकाशी उभा होता.

बाईंनी तोडी सुरू केली. दादाने डोळे मिटले आणि सवयीने हात कानामागे नेला. हात इतका जवळ आला की ते मशीन शीळ घालतं, आणि ती बारीक शीळ फक्त त्यालाच ऐकू येत नसे. बाकी सगळ्यांना आली. एकदा, दोनदा... पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून मला म्हणाले, "अहो, तानपुरे दोन आहेत स्टेजवर. तिसरा आपण आणला नसतात तरी चाललं असतं." आजूबाजूचे चार जण हसले. त्यात आमच्या सोसायटीतलं एक जोडपं होतं. मी दादाचा हात हळूच खाली घ्यायचा, एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी त्याच्या कानाकडे बोट दाखवून खूण केली, काढ. तो गोंधळला. मी पुन्हा खूण केली, जरा रागानेच. त्याने मशीन काढून रुमालात गुंडाळलं आणि पुढचे दोन तास मांडीवर हात ठेवून बसला. मागे दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिथे जाऊन बसू, लाव मशीन, असं म्हणावं हे माझ्या मनात आलं होतं. मी म्हणालो नाही.

परतताना गाडीत तो आपणहून म्हणाला, "समेवर येताना बाई तबलजीकडे बघून हसतात. हे कॅसेटवर कुठे कळतं?" मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

गेल्या रविवारी वहिनींनी त्याचे कपडे वाटायला काढले. प्रत्येक शर्टाच्या खिशातून त्या बटणाएवढी एक बॅटरी काढत होत्या आणि वाटीत टाकत होत्या. कानातल्या मशीनची. एवढ्या कशाला, मी विचारलं.

"बाईंच्या गाण्याला ऐन वेळी बॅटरी संपली ना," त्या म्हणाल्या. "घरी आले आणि म्हणाले, काही ऐकू आलं नाही गं, बॅटरी गेली. सुध्याला बोलू नकोस, त्याने हौसेने नेलं होतं. आदल्या दिवशी नवी घालून द्यायचं काम माझं, भावोजी. मीच विसरले असणार. तेव्हापासून एक शर्ट रिकामा ठेवला नाही."

मी गप्प बसलो असतो तर हे कधीच कुणाला कळलं नसतं. मी सांगितलं. शीळ, ते गृहस्थ, माझं बोट... सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे बॅटरी चालू होती?"

"हो."

"मी विसरले नव्हते."

"नव्हतात, वहिनी."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "ती त्यांच्याकडे मागायची होतीत." मग ढिगातला एक आकाशी शर्ट उचलून माझ्या हातात दिला. तुमच्या मापाचा आहे, न्या, म्हणाल्या. त्याच्या खिशातली बॅटरी मात्र त्यांनी काढली नाही.

शर्ट माझ्या कपाटात टांगलेला आहे. ऑफिसला निघताना रोज हाताला लागतो. माझ्या मापाचा आहे, इस्त्रीही आहे. अंगात घालवत नाही.