नव्या मागाचा पट्टा

मंडळींनो, आपल्या प्रार्थना मंडळाच्या या फिरत्या वहीत माझी पाळी रविवारी आहे, पण मी आजच लिहून रात्रीच वही तुमच्याकडे पाठवतो.

उल्हासनगरच्या आमच्या विणकाम शेडमध्ये आज नवा यंत्रमाग सुरू झाला. पहिला नारळ मुकादमाने फोडायची रीत आहे आणि मुकादम मी.

"शेटजी, मी ख्रिस्ती आहे. मला जमणार नाही."

"कोई बात नहीं साईं, मैं फोडता हूँ," आमचे सिंधी शेटजी हसून म्हणाले. पूजा संपेपर्यंत मी बाहेर प्रार्थना करत उभा राहिलो.

माग सुरू होताच पट्टा निसटून मागावरच्या कामगाराच्या, सखारामच्या हातावर बसला. दोन बोटं ठेचली.

"मुकादमाने नारळ नाही फोडला, म्हणून झालं हे!" कुणीतरी ओरडलं.

सखाराम कण्हत म्हणाला, "गप रे! त्यांचा देव वेगळा. त्यांचा काय दोष?"

दोष माझाच होता. माग सुरू होण्याआधी पट्टा तपासणं माझं काम. पूजेपासून लांब राहायच्या नादात मी ते विसरलो, आणि सखाराम माझी बाजू घेत असताना गप्प बसलो.

उद्या सकाळी त्याच्या घरी जाऊन खरं सांगायचं आहे. एकटा गेलो तर दारातूनच परत फिरेन, अशी भीती वाटते. तुमच्यापैकी कोण येईल सोबत?